पफरचे वाढलेले दात : कापायचे की नाही, आणि कापायचे तर कसे?

खाडीपलीकडची
नमस्कार मंडळी, ठाण्याहून लिहितेय. शेजारच्यांची दिल्लीला बदली झाली आणि त्यांची चार फुटी टाकी माझ्याकडे आली. टाकीत एकच मासा आहे, हिरवा ठिपकेदार पफर. क्रॉफर्ड मार्केटात 'ग्रीन पफर' म्हणून मिळतो तोच, आता माझ्या मधल्या बोटापेक्षा थोडा लांब झालाय. टाकीजवळ गेलं की काचेशी येऊन डोळे फिरवत बघत बसतो. त्याचा फार लळा लागलाय, म्हणून हा धागा काढतेय.

त्याला हल्ली खाता येत नाहीये. भूक आहे. ब्लडवर्म टाकले की झेपावतो, तोंड लावतो, पण अळी ओठांवरून घसरून खाली पडते. दोन-तीनदा असं झालं की कोपऱ्यात जाऊन बसतो. पोट आत गेलंय. टॉर्च लावून समोरून मोबाइलवर व्हिडिओ काढला, तर वरचे दात खालच्या ओठाच्याही खाली उतरलेले दिसले. तोंड पूर्ण मिटत नाही.

पाणी तपासलं. अमोनिया आणि नायट्राइट शून्य, नायट्रेट २०च्या आत, तापमान २७. मीठ आहे, विशिष्ट गुरुत्व १.००८. आधीच्या घरी तो गोठवलेल्या ब्लडवर्मवर आणि कोरड्या गोळ्यांवर वाढला.

दात कापावेच लागतील का? घरी कापता येतात का? लवंग तेलाने भूल देतात असं वाचलं, ते कितपत खरं? ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

मिऱ्याबंदर
ताई, पाणी आणि मीठ आधीच तपासलंत हे फार बरं केलंत. हा मासा गोड्या पाण्यातला म्हणून विकतात आणि तो महिनोन्‌महिने खंगत जातो. तुमचं मीठ ठीक आहे. पूर्ण वाढला की त्याला जवळजवळ समुद्राइतकं खारं पाणी लागेल, ते हळूहळू वाढवत न्या.

आता दातांचं. पफरच्या तोंडात वर दोन आणि खाली दोन अशा चार दंतपट्ट्या असतात, मधोमध एक शिवण दिसते, आणि सगळं मिळून पोपटाच्या चोचीसारखं होतं. ही चोच जन्मभर वाढत राहते. शेफील्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये तिची वाढ कशी होते ते तपशिलात दाखवलं. चोचीच्या मुळाशी असलेल्या मूळ पेशींपासून दातांच्या नव्या पट्ट्या तयार होत राहतात, त्या एकावर एक रचल्या जातात, आणि टोकाची जुनी पट्टी वापराने झिजत जाते. म्हणजे वाढ हा आजार नाही. झीज थांबली की आजार सुरू होतो.

समुद्रात हा प्रश्न येत नाही. आमच्याकडे याच कुळातल्या माशाला केंड म्हणतात. तो जाळ्यात शिरला की आतली मासळी खातोच, वर जाळंही कुरतडून ठेवतो. मच्छीमार त्याच्या नावाने बोटं मोडतात. शंख, शिंपले, खेकडे फोडायला बनलेलं हे हत्यार आहे. त्याला टाकीत आयुष्यभर मऊ अळी दिली तर ते झिजणार कशावर?

पॅरामॅट्टाकर
वाचनखूण साठवली. माझ्याकडे फिगर एट पफर आहेत, त्यामुळे अगदी जवळचा विषय.

कावेरीकाठ
मी बंगळुरूत असते. माझ्याकडे वाटाण्याएवढे पी पफर आहेत, सहा. त्यातला एक खाणं तोंडात घेऊन थुंकतोय आणि बारीक होत चाललाय. त्याचेही दात वाढले असतील का? एवढ्याशा जिवाचे दात कापायचे म्हणजे माझ्या पोटात गोळाच येतो. (धागाकर्तीची माफी मागून मध्येच विचारतेय.)

मत्स्यकन्या_उदगीर
दोघींनाही उत्तर देते. मत्स्यविज्ञानाची पदवी घेतली आहे आणि घरी पफर पाळलेले आहेत.

कावेरीकाठ, आधी तुमचं. कात्री बाजूला ठेवा. पी पफर आपल्या पश्चिम घाटातलाच, केरळ आणि दक्षिण कर्नाटकातल्या नद्यांमधला. १९४१ मध्ये पंबा नदीतल्या नमुन्यांवरून त्याची नोंद झाली, आणि आज तो संकटग्रस्त जातींच्या जागतिक यादीत 'असुरक्षित' गटात आहे. पूर्ण वाढ जेमतेम साडेतीन सेंटिमीटर. हा मासा शंख फोडत बसत नाही, गोगलगाय बाहेर आली की तिला टिपून ओढून काढतो. त्यामुळे त्याच्यात दात इतके वाढणं तुलनेने क्वचित घडतं. बाजारात येणारे पी पफर बरेचसे नदीतून पकडलेले असतात आणि पोटात जंत घेऊन येतात. विष्ठा बघा. पांढरी, पारदर्शक, दोरीसारखी लोंबत असेल तर दातांचा विचार सोडा आणि जंतांकडे वळा. दुसरी शक्यता म्हणजे बाकीचे पाच त्याला खाऊ देत नसतील. तो थुंकतो तेव्हा नेमकं काय थुंकतो? गोळ्या थुंकत असेल तर ती आवडनिवड आहे. जिवंत डाफ्निया (पाणपिसवा) किंवा बारीक गोगलगायही थुंकत असेल तर समोरून भिंगाने तोंड बघा आणि इथे लिहा.

खाडीपलीकडची, तुमच्या बाबतीत वर्णनावरूनच शंका राहत नाही. भूक शाबूत आहे, तो झेपावतो, पण धरता येत नाही, आणि दात ओठाखाली आलेत. नुसते थोडे लांब असते तर मी म्हटलं असतं की कडक कवचाचं खाणं सुरू करा, बाकी तो बघून घेईल. पण ज्याचं तोंड शिंपल्याच्या कडेवर बसतच नाही तो शिंपला फोडणार कसा? इथे कापावं लागेल.

पण लगेच नको. पोट आत गेलेल्या माशाला भूल झेपत नाही. आधी दोन-चार दिवस कोळंबीचे अगदी बारीक, काडीसारखे लांबट तुकडे चिमट्यात धरून तोंडाच्या बाजूने द्या. दातांच्या फटीतून ओढून घेईल. थोडी ताकद आली की मग बघू.

न्यूजर्सीचा_गजा
माझं मत थोडं वेगळं आहे, आणि कळकळीने सांगतो. माशाला भूल देणं हे डॉक्टरचं काम आहे. इकडे जलचरांचे पशुवैद्य ट्रायकेन नावाचं औषध वापरतात. ते पाण्यात आम्लता आणतं म्हणून खाण्याच्या सोड्याने समतोल करतात, आणि मोठ्या काटेरी पफरचे दात दंतवैद्याच्या छोट्या फिरत्या कानशीने (बरने) घासतात. माशाच्या कल्ल्यांवरून सतत पाणी सोडत हे चालतं. लवंग तेल हे तेच तेल आहे ज्याची मात्रा वाढवून असाध्य आजारी माशाला कायमचं झोपवतात. नवख्या माणसाने एका लेखावरून हे करू नये.

मिऱ्याबंदर
गजाभाऊ, भावना पोचली. पण आमच्या रत्नागिरीत कुत्र्या-मांजराचा डॉक्टर मिळतो, गाई-म्हशींचा मिळतो. बोटभर माशाला टेबलावर घेणारा कुठे शोधायचा? न खाता मासा मरतो हेही तितकंच खरं.

मत्स्यकन्या_उदगीर
दोघांचंही बरोबर आहे, आणि म्हणून क्रम सांगते. ठाण्यात राहणाऱ्याने आधी पक्षी, कासवं, ससे असे प्राणी बघणाऱ्या मुंबईतल्या पशुवैद्यांना फोन करावेत. सशाचे दातही जन्मभर वाढतात, त्यामुळे दात कापायचा हात त्यांना असतो, आणि काही जण माशालाही हो म्हणतात. मासा मोठा असेल, म्हणजे वीतभर किंवा त्याहून अधिक, तर घरी करूच नका. त्याची चोच जाड असते, निपरने (छोट्या कापायच्या पकडीने) तडकते, आणि शुद्धीत असताना बोटाचा तुकडा काढण्याची ताकद त्या जबड्यात असते. पण बोटभर ग्रीन पफर, फिगर एट किंवा दक्षिण अमेरिकी पफर असेल आणि कुणीच मिळत नसेल, तर घरी करता येतं. फक्त घाई नको आणि एकट्याने नको.

तयारी : टाकीच्याच पाण्याचे दोन डबे. एकात मोजून १ लिटर, हा भुलीचा. दुसऱ्यात ४-५ लिटर आणि त्यात एअरस्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) चालू, हा शुद्धीवर आणण्याचा. दोन्हीचं तापमान आणि मीठ टाकीएवढंच हवं. आदल्या दिवशी खायला द्यायचं नाही. हत्यार म्हणजे नखांच्या कडेची कातडी काढायचं क्यूटिकल निपर, नवीन आणि धारदार, उकळून घेतलेलं. नेलकटर चालत नाही, त्याने दात दाबला जाऊन उभी चीर जाते. सोबत स्वच्छ मऊ सुती कापड, टाकीच्या पाण्यात भिजवलेलं.

लवंग तेल केमिस्टकडे दातदुखीसाठी मिळतं ते चालेल, पण शुद्ध हवं. दुसरी तेलं किंवा कापूर मिसळलेली दातदुखीची मिश्रणं अजिबात नकोत. तेल पाण्यात सहज मिसळत नाही, म्हणून थेट डब्यात थेंब टाकायचा नाही. छोट्या बाटलीत थोडं कोमट पाणी घेऊन त्यात १ थेंब टाका, झाकण लावून ते दुधाळ होईपर्यंत जोरात हलवा आणि मग १ लिटरच्या डब्यात ओता. एक थेंब म्हणजे साधारण ४० मिलिग्रॅम, तेवढ्यात बऱ्याचदा काम होतं. पाच-सात मिनिटांत काहीच परिणाम दिसला नाही तर अजून अर्ध्या थेंबाएवढं तसंच दुधाळ पाणी घाला. एकदम जास्त कधीच नाही.

मासा जाळीने काढू नका, पाण्याखालीच मगमध्ये घ्या. पफर हवेत आला की घाबरून हवा गिळून फुगतो, आणि ती हवा त्याला नीट बाहेर टाकता येत नाही. पाणी पिऊन फुगला तर तितकी काळजी नाही. चुकून हवा गेलीच तर पाण्याखाली तोंड वर करून हलकेच धरा, बुडबुडे निघून जातील.

भुलीत आधी तो थोडा सैरभैर होईल, मग तोल जाईल, मग कुशीवर पडेल. शेपटीला हलकेच चिमटा घेतल्यावर हालला नाही की तयार. या वेळी दुसऱ्या माणसाने नजर कल्ल्यावरच ठेवायची. पफरचं कल्ल्याचं तोंड म्हणजे बाजूच्या पंखाच्या पुढे असलेली छोटीशी फट, ती नीट ओळखून ठेवा. तिची हालचाल मंद झालेली चालते, थांबलेली चालत नाही. थांबली की दात राहू द्या, सरळ दुसऱ्या डब्यात.

मग ओल्या कापडात गुंडाळून, तोंड तेवढं बाहेर ठेवून, निपर आडवं धरून नुसतं टोक छाटायचं. वरचं आधी, थोडं थोडं, शिवणीच्या दोन्ही बाजूंनी सारखं. एकाच घावात पूर्ण कापायला गेलात तर तडा मुळापर्यंत जाऊ शकतो. ओठ मध्ये येत नाही ना ते दर वेळी बघा. पाण्याबाहेर एका वेळी अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त नको, मध्ये पाण्यात बुडवून पुन्हा घ्या. अगदी सारखं, सुंदर कापायचा मोह टाळा. तोंड मिटलं आणि खालचे-वरचे दात एकमेकांना भिडले की थांबा, बाकीचं गोगलगायी घासतील.

शेवटी दुसऱ्या डब्यात एअरस्टोनजवळ सरळ धरून तोंडात पाण्याचा प्रवाह जाईल असं ठेवा. मागेपुढे घुसळायचं नाही, पाणी तोंडातून आत येऊन कल्ल्यातून बाहेर गेलं पाहिजे. स्वतःहून पोहायला लागला आणि तोल सांभाळला की टाकीत.

न्यूजर्सीचा_गजा
इतकं काटेकोर असेल तर माझा विरोध नाही. एक भर घालतो. टाकीचा दिवा दिवसभर बंद ठेवा, आणि ओठाला किंचित ओरखडा गेलाच तर औषधं ओतू नका. पाणी स्वच्छ असेल तर तो भरून येतो.

पॅरामॅट्टाकर
दक्षिण अमेरिकी पफरचा उल्लेख झाला म्हणून : ॲमेझॉनच्या खोऱ्यातला हा मासा गोड्या पाण्यातला, कळपात राहणारा, अतिशय गोड. पण त्याचे दात फार झपाट्याने वाढतात. रोज गोगलगायी देऊनही माझ्या ओळखीतल्या लोकांना अधूनमधून कापावे लागतात. दिसायला आवडला म्हणून घेणाऱ्यांनी हे मनाशी धरूनच घ्यावा.

कावेरीकाठ
मत्स्यकन्याताई, विष्ठा पांढरीच निघाली! दोरीसारखी, अगदी तुम्ही लिहिलंत तशी. त्याला वेगळ्या डब्यात घेतलंय आणि इथल्या एका पशुवैद्यांशी जंताच्या औषधाबद्दल बोलणं झालं. कात्रीचा विचार सोडायला लावलात, फार फार आभार.

खाडीपलीकडची
अपडेट देते. चिमट्याने कोळंबी भरवल्यावर त्याला बराच जोर आला. पशुवैद्य शोधले, पण माशाला हात लावायला कुणी तयार झालं नाही. शेवटी वहिनीला सोबतीला घेतलं. ती परिचारिका आहे, तिने कल्ल्यावरची नजर एकदाही हलवली नाही.

एका थेंबात तो कुशीवर आला. निपर लावलं तर वाटलं होतं त्यापेक्षा दात कठीण निघाला, आणि तुकडा तुटला तेव्हा टच्‌ असा स्पष्ट आवाज आला. तुकडा तळहातावर घेऊन बघितला. पांढरट पिवळा, तांदळाच्या कणीपेक्षा लहान, आणि कडेला बारीक आडव्या रेघा. मिऱ्याबंदरांनी लिहिलेल्या एकावर एक रचलेल्या पट्ट्या त्या याच असणार. वरचे दोन्ही छाटले, खालच्यांना हात लावायची गरजच पडली नाही. तोंड मिटलं. दुसऱ्या डब्यात काही मिनिटांत पंख हलवायला लागला.

त्या दिवशी काही खाल्लं नाही. दुसऱ्या दिवशी ब्लडवर्म टाकल्या टाकल्या गिळले, एकही अळी खाली पडली नाही.

आता पुढचं विचारते. पुन्हा ही वेळ येऊ नये म्हणून खायला नेमकं काय आणि किती द्यायचं? बाजारातल्या तिसऱ्या चालतील का?

मिऱ्याबंदर
शाब्बास ताई! वहिनींनाही सांगा.

तिसऱ्या चालतात, मुळे (याही शिंपल्याच) चालतात, पण आकार बघून. त्याच्या डोळ्याच्या दुप्पट-तिप्पट एवढीच छोटी, मिटलेली शिंपली द्या, म्हणजे त्याला कवचच फोडावं लागेल. मोठी तिसरी उघडून अर्ध्या शिंपलीत दिली तर तो आतलं मांस तेवढं ओढून घेतो आणि दात तसेच राहतात. बाजारातून आणल्यावर धुऊन दोन-चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवा, मग द्या. चिंबोऱ्यांचे बारीक पाय उत्तम. कोळंबी सालासकट द्या, पण तिच्या सालाने दात फारसे झिजत नाहीत, तिच्यावर भिस्त ठेवू नका.

मांडवीतीर
पणजीहून लिहितोय. आमच्याकडे शिणाणे आणि खुबे (दोन्ही शिंपल्यांचेच प्रकार) भरपूर मिळतात. माझ्या पफरला मी फक्त शिणाणेच देत आलोय, आवडीने खातो. चालेल ना?

मत्स्यकन्या_उदगीर
फक्त शिणाणे नकोत. शिणाण्यांत आणि कोळंबीच्या काही जातींत थायमिनेज नावाचं विकर असतं, ते बी-१ जीवनसत्त्व मोडून टाकतं. गोठवून ते जात नाही, शिजवल्यावर जातं. रोज तेच कच्चं दिलं तर काही महिन्यांनी भूक जाते, तोल जातो, आणि आपल्याला वाटतं पुन्हा दातच वाढले. आठवड्यात एखाद्या वेळी शिणाणे, बाकी दिवस गोगलगायी, खेकड्याचे पाय, गांडूळ असं आलटून पालटून ठेवा.

खरा रोजचा आधार गोगलगायींचा. दुसऱ्या एका डब्यात रॅम्सहॉर्न आणि ब्लॅडर स्नेल वाढवा. उकडलेला पालक, दोडका, काकडी काहीही खातात. मुंबई-ठाण्याला तलावांचं पाणी मऊ असतं, त्यात शंख पातळ आणि ठिसूळ होतो, आणि पातळ शंखाने दात झिजत नाहीत. म्हणून त्या डब्यात समुद्रफेसाचा तुकडा टाकून ठेवा, शंख टणक होतील. निमुळत्या लांब शंखाच्या ट्रम्पेट स्नेल लहान पफरला देऊ नका, त्यांचं कवच इतकं कठीण असतं की दाताचा टवका उडू शकतो. आणि शेततळ्यातल्या किंवा ओढ्यातल्या गोगलगायी थेट आणून टाकू नका. फवारणीचं औषध आणि परजीवी दोन्ही सोबत येतात.

बोटभर माशाला एक दिवसाआड खाणं पुरे, त्यात बहुतेक वेळा कवचाचं. दर महिन्याला टॉर्च लावून समोरून एक फोटो काढून ठेवा. नुसत्या डोळ्यांना रोजच्या रोज वाढ कळत नाही, दोन फोटो शेजारी ठेवले की लगेच कळते.

मांडवीतीर
समजलं. उद्यापासून बदलतो. खुबे लहान मिळतात तेही घेऊन येईन.

खाडीपलीकडची
समुद्रफेस आयुर्वेदिक औषधांच्या दुकानात मिळाला. आता गोगलगायींचं बी हवंय, ठाणे-डोंबिवलीकडे कुणाकडे रॅम्सहॉर्न जास्त झाल्या असतील तर सांगा, डबा घेऊन येते.

डोंबिवली_पूर्व
माझ्याकडे टाकीभर आहेत, ब्लॅडर स्नेलही देतो. निरोप पाठवलाय, रविवारी सकाळी या. येताना झाकणाला भोकं पाडलेला डबा आणा.